चित्रपट ठेवायचा कोठे? घरगुती चित्रपटगृहाचा इतिहास

१/ कोलाडजवळून वाहणाऱ्या कुंडलिकेत भिरा जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी येते. १९२७ साली सुरू झालेले हे केंद्र मुळशीच्या साठ्यावर चालते. वीज मात्र मुंबईसाठी. साठा एकीकडे, यंत्र दुसरीकडे, वापर तिसरीकडे. घरातल्या चित्रपटगृहाचा इतिहासही हीच विभागणी सांगतो.

२/ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही आणि नाशवंत होती. प्रदर्शन संपले की रिळांचे मोलही संपे. चांदी मिळवण्यासाठी कित्येक रिळे नष्ट केली गेली.

३/ १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये झळकलेला 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पाहणारे लाखो होते, जपणारे नव्हते.

४/ १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी रिळे शोधून आणण्यात आयुष्य वेचले. तरीही ८ जानेवारी २००३ च्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. संग्रह एकाच जागी असणे हाही धोकाच.

५/ १९७६ मध्ये जपानमध्ये व्हीएचएस आले. भारतात १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आणि व्हीसीआर यांचा प्रसार झाला. प्रथमच साठा घरातल्या कपाटात आला. लग्ने, जत्रा, पालख्याही टेपवर उतरल्या.

६/ पुढचे टप्पे संगणकाचे. स्वस्त डिस्कचा समूह वापरून साठा सुरक्षित करण्याची 'रेड' ही कल्पना बर्कलीच्या संशोधकांनी १९८८ मध्ये मांडली. एक्सबॉक्सवर हौशी प्रोग्रामरांनी घडवलेले मीडिया सेंटर २०१४ पासून 'कोडी' झाले. २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला.

७/ आज कमी खर्चाची मांडणी अशी: टीव्हीजवळ लहान, आवाज न करणारा संगणक, आतल्या खोलीत जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून, त्यात मोठ्या डिस्क. पाहण्याचे यंत्र बदलले तरी संग्रहाला धक्का लागत नाही, आणि एकच साठा घरातल्या सर्व पडद्यांना पुरतो.

८/ दोहोंमध्ये लॅन केबल उत्तम. जाड भिंतींतून वाय-फाय क्षीण होते. ब्लू-रेवरील चित्रासाठी सेकंदाला कमाल ४० मेगाबिट लागतात, गिगाबिट जाळे १००० देते. इंटरनेट बंद पडले तरी घरातला चित्रपट थांबत नाही. वीज अचानक गेल्यास सर्व्हर नीट बंद व्हावा, यासाठी लहान यूपीएस हवा.

९/ मात्र 'रेड' म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क बिघडली तर ती सावरते. चुकून पुसलेली फाइल, आग वा पूर यांपुढे ती निरुपयोगी. म्हणून प्रती तीन, माध्यमे दोन, आणि एक प्रत घराबाहेर.

१०/ चित्रपट पुन्हा विकत मिळेल. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीची एखाद्या घराने तीस वर्षांपूर्वी केलेली टेप मिळणार नाही; कोकणच्या दमट हवेत तिला बुरशी लागते. ती वेळेत उतरवली नाही, तर 'आलम आरा'चेच भाग्य तिच्याही वाट्याला येईल. सर्व्हरवरचा पहिला फोल्डर अशा टेपांसाठी असावा.