बिनतारी संचाचे ओझे : डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजपासून लिथियमपर्यंत

१/ गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा-दरेकसा परिसरातील टेकडीवर संच घेऊन चढणाऱ्या हौशी रेडिओचालकाला, म्हणजे ‘हॅम’ला, संचाआधी बॅटरीचा विचार करावा लागतो. ती किती तास पुरेल आणि तिचे वजन किती भरेल? हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. त्याच्या इतिहासाचे एक टोक गोंदियाच्या शेजारीच, तुमसर तालुक्यातील एका खाणीत आहे.

२/ १८६६ मध्ये फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे याने जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा विद्युतघट तयार केला. जस्त इलेक्ट्रॉन सोडते, मँगनीज डायऑक्साइड ते स्वीकारते. घटातील द्रव मात्र सांडत असे. १८८०च्या दशकात जर्मनीच्या कार्ल गासनरने द्रवाऐवजी घट्ट लगदा वापरला आणि ‘कोरडा घट’ तयार झाला. आता वीज आडवी-तिडवी करून पिशवीतून नेता येऊ लागली.

३/ या घटाला लागणारे मँगनीज मध्य प्रांतात विपुल होते. १८९६ मध्ये येथे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ ही ब्रिटिश कंपनी स्थापन झाली. नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या पट्ट्यातील बहुतेक मँगनीज पोलादासाठी गेले. परंतु भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग खाणीचे वैशिष्ट्य निराळे आहे. तेथील मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी वापरले जाते.

४/ १९६२ मध्ये सरकारी सहभागातून ‘मॉइल’ ही कंपनी स्थापन झाली आणि या खाणी तिच्याकडे आल्या. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. म्हणजे आजच्या गोंदियाकरांच्या आधीच्या पिढीसाठी बॅटरीचे हे खनिज स्वतःच्याच जिल्ह्यातले होते. ते खणणाऱ्या मजुराच्या घरी त्या काळी वीज असेलच, असे मात्र नाही.

५/ भारतात हौशी रेडिओची सुरुवात १९२१च्या सुमारास झाली. कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे पहिल्या हौशी चालकांपैकी एक. तो निर्वात नलिकांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा काळ होता. व्हॉल्व्हला दोन प्रकारची वीज लागे : तंतू तापवण्यासाठी कमी दाबाची आणि पट्टिकेसाठी उच्च दाबाची. पहिलीसाठी आम्लाने भरलेला शिशाचा संचायक, दुसरीसाठी कोरड्या घटांची माळ. एका घटाचा दाब दीड व्होल्ट. ९० व्होल्ट हवे असतील, तर ६० घट जोडावे लागत. संदेश बिनतारी होता, पण संच मेजावरून हलत नव्हता.

६/ या ओझ्याचा राजकीय अर्थ १९४२ मध्ये दिसला. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचे परवाने रद्द केले होते. तरीही २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून ‘काँग्रेस रेडिओ’चे गुप्त प्रक्षेपण सुरू झाले, ४२.३४ मीटर तरंगलांबीवर. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. त्यांच्यासोबत विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदी सहकारी होते.

७/ पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून हे केंद्र वारंवार जागा बदलत असे. पण बदलून कुठे जाणार? देशभर आवाज पोहोचवू पाहणारा प्रक्षेपक त्या काळी बॅटरीवर चालवायचा, तर जड संचायकांची रांग लागली असती. म्हणून स्थलांतर एका घरातून दुसऱ्या घरात, मुंबई शहरातच होत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावच्या पारेखवाडीत छापा पडला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

८/ त्याच काळात युद्धभूमीवर वजन उतरवण्याची धडपड सुरू होती. अमेरिकी सैन्याचा पाठीवरचा ‘एससीआर-३००’ संच बॅटरीच्या प्रकारानुसार ३२ किंवा ३८ पौंड भरे. संच तोच, पण बॅटरी बदलली की सैनिकाच्या पाठीवर सहा पौंडांचा, म्हणजे सुमारे पावणेतीन किलोंचा फरक पडे. हातात धरायचा ‘एससीआर-५३६’ फक्त पाच पौंडांचा होता. त्याची किंमत पल्ल्यात मोजावी लागे, कारण त्याचा आवाज जमिनीवर जेमतेम मैलभर पोहोचे. वजन, वेळ आणि पल्ला यांतले एक वाढवले की दुसरे घटते, हा नियम तेव्हाच स्पष्ट झाला.

९/ पहिली मोठी सुटका ट्रान्झिस्टरने केली. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला. त्याला तापवायचा तंतू नव्हता आणि उच्च दाबाची माळही लागत नव्हती. खिशातला रेडिओ मोजक्या लहान घटांवर चालू लागला. ऐकणे स्वस्त झाले, बोलणे मात्र नाही. प्रक्षेपणाला अजूनही भरपूर वीज लागत होती आणि तिचा हाताशी असलेला स्रोत म्हणजे मोटारीची शिसे-आम्ल बॅटरी.

१०/ ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली. वीज आणि दूरध्वनी कोलमडले की संच आणि बॅटरी सोबत आणू शकणाराच निरोप देऊ शकतो. हौशी रेडिओचालकांनी तेथे हेच काम केले. अशा वेळी बॅटरी हलकी असणे ही चैन राहत नाही. जितके ओझे कमी, तितके आत, रस्ता नसलेल्या गावापर्यंत जाता येते.

११/ दुसरी सुटका लिथियमची. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम-लोह-फॉस्फेटवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांत ए. के. पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही भारतीय नावे आहेत. या रसायनाच्या एका घटाचा दाब ३.२ व्होल्ट. चार घट जोडले की १२.८ व्होल्ट मिळतात, बहुतेक हौशी संचांना चालतील असे.

१२/ आता हिशेब पाहा. पाच वॉटचा संच ऐकताना साधारण ०.४ अँपिअर आणि बोलताना १.५ अँपिअर वीज घेतो. पाच तासांच्या मुक्कामात चार तास ऐकणे, एक तास बोलणे धरले, तर १.६ अधिक १.५, म्हणजे ३.१ अँपिअर-तास. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते. म्हणून ७ अँपिअर-तासांची घ्यावी लागते, वजन दोन किलोंहून अधिक. लिथियम-लोह-फॉस्फेटची साडेचार अँपिअर-तासांची पुरते, वजन अर्धा ते पाऊण किलो.

१३/ पण शक्तीच कमी केली तर आवाज पोहोचेल का? १०० वॉटऐवजी ५ वॉट म्हणजे शक्ती वीसपट कमी. ऐकणाऱ्याच्या संचावरील मापकात मात्र फरक दोन अंकांहून थोडाच अधिक पडतो. तो बराचसा चांगल्या अँटेनाने भरून निघतो. तांब्याची हलकी तार आणि ती झाडावर टांगायची दोरी, यांचे वजन काही शे ग्रॅम. म्हणून अनुभवी चालक जड बॅटरीऐवजी लांब तार पिशवीत घालतो.

१४/ विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. लोह-फॉस्फेट इतर लिथियम रसायनांपेक्षा उष्णतेत अधिक स्थिर असते, तरी बॅटरी बंद मोटारीत तापत ठेवू नये. बॅटरीजवळच्या तारेत फ्यूज असावाच. भारतात प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारचा हौशी परवाना बंधनकारक आहे आणि राखीव वनात शिरायचे तर वन विभागाची परवानगीही.

१५/ आता काँग्रेस रेडिओकडे परत येऊ. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज भारतातील हौशी चालकांना ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे. ज्या लहरीवर बोलल्याबद्दल १९४२ मध्ये तुरुंगवास मिळाला, ती आज परवानाधारक विद्यार्थ्याला वापरता येते. तिच्यासाठी लागणारी अँटेना म्हणजे सुमारे २० मीटर तार. सगळा सरंजाम मिळून तीनेक किलोंचा.

१६/ नव्या लोह-फॉस्फेट बॅटरीत मँगनीज लागत नाही. तरीही जाणता चालक पिशवीच्या तळाशी पेन्सिल सेलचे आठ घरांचे खोके ठेवतो. आठ गुणिले दीड, बारा व्होल्ट. मुख्य बॅटरी संपली, तर कमी शक्तीवर काही निरोप पाठवण्यापुरती ही सोय. त्या सेलच्या आत आजही तेच मँगनीज डायऑक्साइड असते, ज्याच्या खनिजासाठी डोंगरी बुजुर्ग ओळखले जाते.