फायरबॉलनंतरचे बारा तास

रात्री ११. बंदरावरचं लाकडी गोदाम. माळ्यावर तस्कर, जिन्यात आमच्या टेबलावरचे तीन वीर. जादूगार खेळणारी म्हणते, "फायरबॉल." चोर खेळणारा ओरडतो, "अगं, खाली तागाच्या गाठी आहेत!" तोवर आठ सहापैलू फासे टेबलावर पडलेले असतात. २० फूट त्रिज्येचा लोळ उठतो आणि तस्कर संपतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका निभावण्याच्या खेळातल्या या मंत्राचा एक नियम लढाईच्या धांदलीत सहज विसरला जातो: कुणी अंगावर घातलेली किंवा हातात धरलेली नसेल, अशी प्रत्येक ज्वालाग्राही वस्तू पेट घेते. म्हणजे ताग पेटला, शेजारची डांबराची पिंपंही पेटली. तिथून पुढे आग कुठे जाते, हे डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, ठरवायचं. त्या रात्री डीएम मी होते.

रात्री ११.१०. लढाईतली एक फेरी ६ सेकंदांची, म्हणजे एवढ्यात शंभर फेऱ्या झाल्या. घरागणिक फासे टाकत बसलं तर शहर जळायच्या आधी खेळणारे कंटाळतील. मी चौकटींचा नकाशा गुंडाळते आणि कागदावर वर्तुळ काढून त्याचे आठ भाग करते. ही युक्ती जॉन हार्परच्या 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळातली. आगीने एक टप्पा ओलांडला की एक भाग काळा करायचा. आठही भरले की शहर गेलं. वर्तुळ सगळ्यांना दिसेल असं मधोमध ठेवते. वारा पूर्वेचा आहे, दाट वस्ती पश्चिमेला आहे, हेही आत्ताच सांगते. संकट मोठं असलं तरी ते लपवून आणायचं नाही.

रात्री १२. पहिला भाग. पुरोहित पाऊस पाडतो. मंत्र ३० फुटांच्या घनापुरताच, पण तेवढ्यातल्या उघड्या ज्वाळा विझतात. इथे 'आग फार मोठी आहे, काही उपयोग नाही' असं म्हणणारा डीएम मला पटत नाही. खेळणाऱ्याने शक्ती खर्च केली आहे, तिचं फळ त्याला मिळालंच पाहिजे. मात्र समोरच्या तीन घरांपैकी दोनच वाचवण्याइतकं बळ त्याच्याकडे उरलं आहे. एका घरात बाळंतीण आहे, एकात म्हातारा दोरवाला, एक रिकामं. पण त्याच्या मागे तेलाचं कोठार आहे. पुरोहित खेळणारा बराच वेळ बोलत नाही. मग दोरवाल्याचं घर सोडून देतो.

रात्री १. खरी घडी ही. तासांचा हा आराखडा मी लंडनवरून घेतला आहे. २ सप्टेंबर १६६६ च्या मध्यरात्रीनंतर पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनरच्या बेकरीत आग लागली. लाकडी घरं एकमेकांना खेटून उभी होती. अशा आगीवर त्या काळी उपाय एकच: लोखंडी आकड्यांनी पुढची घरं ओढून पाडायची आणि मध्ये मोकळी जागा करायची. लॉर्ड मेयर थॉमस ब्लडवर्थ आला, पण बहुतेक घरं भाड्याची, मालक जागेवर नाहीत, म्हणून त्याने पाडायला नकार दिला. त्या नकाराची किंमत पुढे सुमारे १३,२०० घरांनी मोजली.

आमचा नगराध्यक्षही तेच विचारतो: "भरपाई कोण देणार?" चोर खेळणारा मन वळवण्यासाठी फासा उचलतो. मी थांबवते. जिथे माणसाला खरीच अडचण आहे, तिथे आधी त्या अडचणीचं उत्तर द्यावं, फासा मग. वीर आपला सगळा खजिना लिहून द्यायला तयार होतात, पण घासाघीस लांबते. दोन भाग एकदम भरतात.

पहाटे ३. वारा वाढतो. चौथा भाग.

पहाटे ५. कोठारांची रांग पेटते. लंडनमध्येही आग थेम्स स्ट्रीटच्या वखारींत शिरली. तिथे डांबर, तेल, चरबी, ब्रँडी भरलेली होती. थेम्सवरच्या पुलाखालची पाणी उपसणारी चाकंही जळाली. आमच्याकडे पाचवा आणि सहावा भाग.

सकाळी ८. गाड्या, होड्या, डोक्यावर गाद्या घेतलेली माणसं. वीर रस्ता मोकळा ठेवायला धावतात आणि आगीकडे कुणीच उरत नाही. सातवा भाग.

सकाळी १०. किल्ल्यातली दारू आणून एक अख्खी आळी उडवतात. लंडनमध्येही सुरुंगांनी पाडापाडी झाली, वारा पडला, तेव्हा कुठे आग आवरली. एक भाग कोरा राहतो.

सकाळी ११. एवढ्यावर खेळ थांबवला असता, तर आग नुसता देखावा ठरली असती. लंडनमध्ये जमावाने रस्त्यांवर फ्रेंच आणि डच लोकांना झोडपलं. रॉबर्ट ह्यूबर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने आग आपणच लावली असं कबूल केलं आणि तो फासावर गेला. तो लंडनमध्ये पोचला तेव्हा आग लागून दोन दिवस झाले होते, हे नंतर उघड झालं.

मी सांगते, चौकात एका परमुलखी खलाशाला खांबाला बांधलंय. जादूगार खेळणारी लगेच म्हणते, "मी पुढे होते. मंत्र मी टाकला, तेच सांगते." चोर खेळणारा तिचा हात धरतो, "थांब, आधी त्याला सोडवू, मग बोलू." पुरोहित विचारतो, दोरवाल्याच्या घरच्यांना कोण सांगणार. अपघात होता हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक आहे, चौकात कुणालाच नाही. तिला शिक्षा करायचा माझा विचार नव्हता आणि नाही. नगराध्यक्ष काय ऐकून घेईल, जमाव काय ऐकून घेणार नाही, एवढं मी लिहून ठेवलं आहे. बाकीचं ते तिघं कोणत्या क्रमाने बोलतात यावर.