मूत्रसाक्ष्याचे पुनरागमन : हृदयशस्त्रक्रियेनंतरची मूत्रपिंडाची इजा

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६५ साली मृत दात्याच्या मूत्रपिंडाचे, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये मानवी हृदयाचे रोपण केले. हृदयरोपणाचा रुग्ण काही तासांतच दगावला. तथापि एकाच शल्यचिकित्सकाने ही दोन्ही इंद्रिये हाती घ्यावीत, यात केवळ योगायोग नाही. हृदयावर शस्त्र चालविणाऱ्यास मूत्रपिंडाची चिंता प्रथमपासूनच वाहावी लागली आहे.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साह्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. या यंत्राने हृदय उघडणे शक्य झाले. परंतु रक्ताचा मंदावलेला प्रवाह आणि फुटलेल्या रक्तपेशींतून सुटणारे द्रव्य यांचा आघात मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांवर होऊ लागला. तो ओळखावा कसा?

आपल्याकडे ‘योगरत्नाकर’ या वैद्यकग्रंथात मूत्रावर तेलाचा थेंब टाकून रोगाची साध्यासाध्यता ठरविण्याची रीत सांगितली आहे. युरोपात रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली मूत्रातील प्रथिनाचा मूत्रपिंडाच्या विकाराशी संबंध दाखविला. पुढे मात्र भर रक्तावर आला. मॅक्स याफे यांनी १८८६ साली वर्णिलेल्या रंगक्रियेवरून क्रिएटिनिनचे मापन होऊ लागले आणि तेच प्रमाण मानले गेले.

या प्रमाणात एक मूलगामी दोष आहे. क्रिएटिनिन कार्याचा ऱ्हास सांगते, इजा सांगत नाही. मूत्रपिंडाची राखीव शक्ती मोठी. त्यातच यंत्रातील द्रवाने रक्त पातळ होते. परिणामी क्रिएटिनिन वाढेपर्यंत एक ते तीन दिवस निघून जातात, आणि उपायाची वेळ बहुधा टळलेली असते.

२००५ साली प्रसाद देवराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ बालकांचे मूत्र तपासले. त्यांपैकी २० जणांना इजा झाली होती. त्यांच्या मूत्रात ‘एनगॅल’ हे प्रथिन दोन तासांतच वाढलेले आढळले. विशेष हे की, इजा झालेल्या नलिकांच्या पेशीच हे प्रथिन निर्माण करतात. साक्ष जखमी अवयवानेच दिली होती.

येथे अतिशयोक्तीचा मोह टाळला पाहिजे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या १,२१९ प्रौढांच्या अभ्यासात ही निर्णायकता टिकली नाही. वृद्धत्व, मधुमेह व जुने विकार यांनी चित्र गढूळ केले. शिवाय लवकर कळणे म्हणजे बरे होणे नव्हे. मात्र २०१७ साली जर्मनीतील म्युन्स्टर येथे अन्य दोन मूत्रप्रथिनांच्या आधारे धोक्यातील २७६ रुग्ण निवडून, त्यांतील निम्म्यांच्या रक्तदाबाची, द्रवाची व औषधांची काटेकोर निगा राखली असता, इजेचे प्रमाण ७१.७ टक्क्यांऐवजी ५५.१ टक्के राहिले.

यावरून निष्कर्ष असा की, या इतिहासात प्रश्नच पालटला आहे. ‘मूत्रपिंड काम करते काय?’ याऐवजी ‘मूत्रपिंड दुखावले आहे काय?’ असे आपण विचारू लागलो आहोत. त्याचे उत्तर वेळेवर मिळाले, तरी त्याचे मोल रुग्णशय्येपाशी तत्परतेने होणाऱ्या शुश्रूषेवरच ठरेल.