क्लेअरचे चाळीस शिलिंगवाले

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर नावाचा परगणा आहे. १८०१ साली आयर्लंडचे पार्लमेंट ग्रेट ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये विलीन झाले, तेव्हा लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये क्लेअरला दोन जागा मिळाल्या. १८८५ साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग होऊन हा मतदारसंघ संपला. आम्हांस येथे त्याच्या एकाच निवडणुकीविषयी लिहावयाचे आहे.

आयरिश कॅथलिकांना मताचा अधिकार १७९३ पासून होता, सभासदत्वाचा मात्र नव्हता. मिस्साबलिदान मूर्तिपूजा ठरविणारी शपथ घेतल्यावाचून सभागृहात बसता येत नसे. ज्या कुळाला तहहयात पट्ट्याच्या जमिनीतून खंड वजा जाता वर्षाला ४० शिलिंग सुटत, त्याला मत असे. जमीनदारांनीच असे पट्टे भराभर करून दिले, ते काही कुळांच्या प्रेमापोटी नव्हे! मतदान उघड होते. मालक सांगेल त्याचे नाव कुळाने सर्वांदेखत उच्चारावयाचे, अशी रीत पडली होती.

१८२८ साली क्लेअरचे सभासद व्हेसी-फिट्झजेराल्ड मंत्री झाले. तत्कालीन नियमाप्रमाणे त्यांना पुन्हा निवडून येणे भाग होते. हे गृहस्थ कॅथलिकांच्या मागणीला अनुकूल होते, हेही सांगितले पाहिजे. पण त्यांचे सरकार नव्हते. त्यांच्याविरुद्ध डॅनिएल ओकॉनेल उभे राहिले. कॅथलिकाने उभे राहू नये असा कायदा नव्हता. अडसर शपथेचा होता.

जुलैच्या आरंभी एनिस गावी पाच दिवस मतदान चालले. धर्मगुरू आपापल्या लोकांसह पायी आले. दारूला कोणी शिवू नये असे ठरले होते, आणि ते पाळले गेले. पट्टा जाईल, घर जाईल, हे ठाऊक असूनही कुळांनी मालकांसमोर ओकॉनेल यांचे नाव घेतले. ओकॉनेल यांना २,०५७ मते पडली, फिट्झजेराल्ड यांना ९८२.

सरकार नमले. १३ एप्रिल १८२९ रोजी कॅथलिक विमोचनाचा कायदा झाला. आपल्याकडे ही कथा बहुधा येथेच, विजयाच्या स्वरात थांबते. परंतु त्याच दिवशी दुसराही कायदा झाला. आयर्लंडच्या परगण्यांत मताची पात्रता ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर, म्हणजे पाचपट नेण्यात आली. सुमारे २,१६,००० मतदारांपैकी सुमारे ३७,००० उरले. ओकॉनेल यांनी निषेध केला. तो कायदा अडेल एवढा जोर मात्र लावला नाही. बॅरिस्टर, व्यापारी व जमीनदार कॅथलिकांसाठी सभागृहाचे दार उघडले, आणि ज्यांनी ते उघडले ती कुळे बाहेर राहिली. आमच्या मते हा व्यवहार न्याय्य नव्हता, आणि त्या वेळच्या धर्मगुरूंनी या कुळांसाठी अधिक बोलावयास हवे होते.

नवा कायदा पूर्वी निवडून आलेल्यांना लागू नसल्याने मे १८२९ मध्ये ओकॉनेल यांच्यापुढे जुनीच शपथ ठेवण्यात आली. त्यांनी ती नाकारली. पुन्हा निवडणूक घ्यावी लागली, व जुलैमध्ये ते क्लेअरमधून बिनविरोध निवडून आले. मतदानाची वेळच आली नाही. आली असती, तरी आदल्या वर्षीच्या बहुतेक कुळांना आता मत नव्हते.