गायकाचा गळा आणि वैद्याचा आरसा

गळ्यावरील शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना वैद्यांची नावे पुष्कळ घेतली जातात. परंतु जिवंत माणसाच्या गळ्यातील गाता आवाज डोळ्यांनी पाहून त्याची साद्यंत हकीकत प्रथम मांडली ती एका गानगुरूने, हे आपण ध्यानी ठेवले पाहिजे.

मान्युएल गार्सिया हा १८०५ साली जन्मलेला स्पॅनिश गायक. रंगभूमीवर त्याचा गळा टिकला नाही, म्हणून तो तालीम देऊ लागला. १८४१ साली पॅरिसला त्याच्याकडे स्वीडनची येनी लिंड आली. वय अवघे वीस. पण नाटकगृहातील अखंड कामाने आवाज पार थकलेला. गार्सियाने तिला लगेच शिकवले नाही. काही आठवडे गाणे बंद, आणि बोलणेही शक्य तितके कमी, असे त्याने फर्मावले. मग श्वासापासून नव्याने आरंभ केला. याच लिंडच्या गाण्याची तिकिटे १८५० साली अमेरिकेत लिलावाने विकली गेली. आजच्या लोकप्रिय गायिकांची ती पूर्वजच म्हणावयाची.

१८५४ मध्ये गार्सियाने दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःचे स्वरतंतू पाहिले. पुढील वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध आला. ट्यूर्क आणि चेरमाक या वैद्यांनी तो आरसा रोगचिकित्सेत रुळवला.

त्या आरशात दिसते ते काय? दोन नाजूक घड्या मिटतात आणि उघडतात. सेकंदाला ४४० कंपनांचा सूर लावला की मिनिटाला २६,४०० वेळा त्या एकमेकींवर आदळतात. दम अपुरा पडून गळा आवळला, की हाताला घट्टे पडावेत तशा तेथे गाठी येतात. किंचाळताना एखादी बारीक रक्तवाहिनीही फुटते.

१९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले, पाठोपाठ ध्वनिवर्धक आले. आता हळू गाऊनही भागले असते. पण वाद्येही गर्जू लागली. आणि भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ सालीच दाखवले होते.

मग सुरीची पाळी आली. ज्यूली अँड्र्यूज हिच्यावर १९९७ साली शस्त्रक्रिया झाली; तिचा पूर्वीचा गाता गळा परत आला नाही. अ‍ॅडेल हिच्या स्वरतंतूवर २०११ साली बॉस्टनला लेसर किरणांनी शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांत ती पुन्हा गायली आणि एका रात्रीत सहा ग्रॅमी पारितोषिके घेऊन गेली. तीच अ‍ॅडेल २०१७ साली दीर्घ दौऱ्याच्या शेवटी लंडनमधील अखेरचे दोन कार्यक्रम रद्द करून बसली. गळा पुन्हा दुखावला होता.

यावरून शल्यवैद्यांस दोष द्यावा असे आम्ही म्हणत नाही. सुरी गाठ काढते. गाण्याची सवय आणि कार्यक्रमांची रांग तिला कापता येत नाही. लेसरनंतरही रोग्याला पहिली आज्ञा मौनाचीच होते, आणि ती तर गार्सियाने आरशाच्याही आधी केली होती. फरक इतकाच की, लिंडला तेव्हा मौन पाळण्याची सवड होती. आज तिकिटे आधी विकली जातात, आणि गळ्याला मागाहून विचारले जाते. आवडत्या गायकाने कार्यक्रम रद्द केला म्हणजे आपण श्रोते रागावतो. तो राग आवरणे, हाही त्या गळ्यावरचा एक उपचारच आहे, असे आम्हांस वाटते.