बांध मोठा, पण शेत राखते मानस

पुराचा विषय निघाला की आपण धरणाबद्दल, बांधाबद्दल बोलतो. आज आम्ही बांधातल्या एका लहानशा दाराबद्दल सांगणार आहोत. हे दार गोव्याच्या खाजन शेतीतलं. त्याला म्हणतात मानस.

मांडवी आणि जुवारी या नद्यांत भरतीचं खारं पाणी दूरवर चढतं. काठची सखल जमीन गावकऱ्यांनी माती, पेंढा आणि जांभा दगड वापरून, बांध घालून शेतीखाली आणली. तीही पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी. पण नुसत्या बांधानं भागत नाही. खारं पाणी बाहेर अडलं, तरी पावसाचं पाणी आत तुंबतं आणि भात कुजतं. म्हणून बांधात मानस बसवली. भरती आली की नदीचं पाणी लाकडी झडपा ढकलतं आणि दार मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी झडपा ढकलतं आणि दार उघडतं. ना इंजिन, ना वीज.

झडप कुजली किंवा खेकड्यानं बांधाला बीळ पाडलं, तर तेवढ्यातून खारं पाणी शिरतं. मग माती गोडी व्हायला बराच पाऊस जावा लागतो. म्हणून देखरेख गावकरी या ग्रामसंस्थेकडे असे. तिचे रिवाज 1526 साली पोर्तुगीजांनी लिहून काढले. मात्र गावकरीचा हक्क पुरुष वारसांनाच. चिखलात लावणी करणाऱ्या बाईला त्या बैठकीत जागा नव्हती.

1964 च्या कूळ कायद्यानं कुळांना संरक्षण मिळालं, ते बरंच झालं. पुढं बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली; पण पुष्कळ गावांत ती कुणीच नीट उचलली नाही. काही ठिकाणी मासळीसाठी मानस जास्त वेळ उघडी ठेवली जाते. मासळीचे पैसे एकाला मिळतात, खारवलेलं शेत दुसरीच्या वाट्याला येतं.

आपल्याकडं कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे असेच. पावसाळ्याआधी काढले नाहीत, तर पुराचं पाणी अडतं. पावसाळा सरल्यावर वेळेत घातले नाहीत, तर पाणी वाहून जातं.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या ग्रामसभेत गटानं मिळून विचारा: बर्गे कुठं ठेवलेत, किती मोडलेत, आणि ते काढायचं-घालायचं काम कुणाच्या नावावर आहे? उत्तर ठरावात लिहून घ्या. आणि त्या कामावर देखरेख करणाऱ्यांत आपल्यातल्या दोघींची नावं असू द्या.