खर्जाची पेटी

काठीच्या राजवाडी होळीचा ढोल मी फोनवर मुद्रित करून आणला होता. अक्कलकुवा तालुक्यातल्या या गावी सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवरून माणसे येतात, मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू बांधून रात्रभर नाचतात, आणि होळी पेटते ती पहाटे. तिथे ढोल ऐकण्यासाठी कान द्यावा लागत नाही, तो थेट छातीत वाजतो. घरी येऊन तेच मुद्रण लावले तर घुंगरू आले, बासरी आली, आरोळ्या आल्या, आणि ढोलाच्या जागी पत्र्यावर काठी आपटावी तशी नुसती टकटक. ढोल मुद्रणात होता. फोनच्या स्पीकरच्या नखाएवढ्या पडद्याला तो उच्चारता येत नव्हता.

हा गाळलेला आवाज परत देणाऱ्या पेटीला नंदुरबारच्या दुकानात ‘वूफर’ म्हणतात, आणि तिच्याकडून जे हवे असते त्याला ‘बेस’. आपल्या संगीतात त्याला जुना, नेमका शब्द आहे : खर्ज.

‘वूफर’ हा शब्द कुत्र्याच्या भुंकण्यावरून आला. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या चित्रपटगृहांसाठी जाड आणि बारीक आवाजांचे कर्णे वेगळे होऊ लागले, तेव्हा तंत्रज्ञांनी जाड आवाजाच्या कर्ण्याला कुत्र्याच्या ‘वूफ’वरून वूफर म्हटले आणि बारीक आवाजाच्या कर्ण्याला पाखराच्या चिवचिवाटावरून ट्वीटर. वूफरच्याही खालचे सूर सांभाळणारा तो सबवूफर. दुकानात ‘सब’ गळून पडला, एवढेच.

वस्तूचे मूळ शब्दाहून थोडे जुने आहे. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी लोहचुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला जोडलेला कागदी शंकू असा स्पीकर मांडला. आज तुमच्या घरातला स्पीकर बहुधा त्याच तत्त्वावर चालतो. अडचण खालच्या सुरांची होती. सूर निम्म्यावर आला की आवाज तेवढाच ठेवण्यासाठी शंकूला चौपट हलावे लागते. ८० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या सुराला, एक मिलिमीटर पुरत असेल, तर ४० ला चार लागतात. शंकू तेवढा हलेना तर मोठा करावा लागतो. सातपुड्यातला होळीचा ढोल एवढा थोरला का असतो, याचे उत्तर याच हिशेबात आहे. कातडे जितके रुंद, तितकी जास्त हवा ढकलली जाते. ढोल करणाऱ्या हातांना हे राइस-केलॉग यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

पण रुंदी एवढेच पुरत नाही. उघडा स्पीकर हातात धरून वाजवून पाहा, त्याला खर्ज नसतो. शंकू पुढे हवा दाबतो त्याच क्षणी मागे ती विरळ करतो, आणि खालच्या सुरांत या दोन्ही लाटा एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून पेटी लागते. बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये एका युक्तीचे पेटंट मिळाले. त्यांनी पेटीला हिशेबाने भोक पाडले, म्हणजे मागची लाट आतून वळसा घेऊन पुढच्या लाटेच्या तालात बाहेर येते. घरातल्या वूफरच्या भोकासमोर हात धरल्यावर जो वारा लागतो, तो थुरास यांचा. पुढे १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी उलट केले. भोक बंद करून आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग बनवले, आणि कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज फळीवर मावणाऱ्या पेटीत आणला.

या कुळात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते मात्र दोन अभियंते. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी पुढच्या दशकात पेटीचे माप, भोकाची लांबी आणि स्पीकरचे गुणधर्म यांचे नाते सूत्रांत बसवले. तोवर पेटी करणे हा अंदाजाचा खेळ होता. सूत्रे सर्वांसाठी छापली गेली आणि खर्ज ही मोठ्या कारखान्यांची गुपित विद्या राहिली नाही. प्लायवूड कापता येणारा सुतार आणि बेरीज-गुणाकार येणारा रेडिओ मेकॅनिक मिळून चांगली पेटी करू शकतात. वूफर स्वस्त झाला त्याची सुरुवात मी इथे धरतो.

स्टिरिओच्या जोडीला खर्जासाठी वेगळी पेटी ठेवण्याचे पेटंट १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेमन डोन्स यांना मिळाले. पण ती गाजवली सिनेमाने. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’साठी चित्रपटगृहांत प्रचंड वूफर बसवले गेले आणि भूकंप प्रेक्षकांच्या खुर्च्यांपर्यंत पोचला. पुढच्या वर्षी मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ ७० मिमीवर लागला. या ७० मिमीच्या प्रतीवर आवाजाचे सहा मार्ग असत. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या अशाच प्रतींवर डॉल्बी कंपनीच्या तंत्रज्ञांनी त्यांतले दोन मार्ग निव्वळ खर्जाला दिले. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बीच्या डिजिटल आवाजात खर्जाला स्वतःचा मार्ग मिळाला. तो जेमतेम १२० हर्ट्झपर्यंतचेच सूर वाहतो, पूर्ण मार्गाचा लहानसा अंश, म्हणून त्याची गणती ‘पॉइंट वन’ अशी होते. आपल्या दुकानातल्या ‘टू पॉइंट वन’मधला पॉइंट वन तिथला.

डॉल्बीचे नाव आलेच आहे, तर महाराष्ट्राने त्या नावावर केलेला अन्याय सांगितला पाहिजे. आपल्याकडे मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांना ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी १९६३ पासून दोन वर्षे संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. इथून गेल्यावर १९६५ मध्ये लंडनला त्यांनी कंपनी काढली, तिचे पहिले काम टेपवरची खरखर कमी करण्याचे. नको असलेला आवाज घालवण्यासाठी जे नाव जगभर झाले, ते मराठीत कानठळ्यांचे नाव होऊन बसले आहे.

घरच्या वूफरला ही भिंत लागत नाही. दोन बरे स्पीकर आधीच असतील तर आठ-दहा इंची एक वूफर पुरतो. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतो ते कानाला नीट उमगत नाही, म्हणून पेटी एकच चालते आणि दिवाणाच्या बाजूलाही ठेवता येते. पण ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, घरातल्या बहुतेक खोल्यांहून मोठी. भिंतींवरून परतताना ती कुठे दुप्पट होते, कुठे नाहीशी. यावर जुना उपाय आहे. वूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, ढोल लावायचा आणि भिंतीकडेने रांगत ऐकायचे. जिथे खर्ज भरीव लागेल तिथे पेटी न्यायची. हे करायला लाजू नका, पैसे खर्चून होणाऱ्या कुठल्याही सुधारणेपेक्षा याने जास्त फरक पडतो. क्रॉसओव्हरची कळ, म्हणजे किती खालचे सूर वूफरकडे जावेत ते ठरवणारी, ८० च्या आसपास ठेवा. आवाज एवढाच ठेवा की पेटी वाजते आहे हे ती बंद केल्यावरच कळावे. घुमणारा खर्ज म्हणजे चांगला खर्ज नव्हे. ढोलाचे दोन ठोके वेगळे ऐकू आले पाहिजेत आणि त्यांच्यामध्ये शांतता पाहिजे.

काठीचे ते मुद्रण मी आता असे ऐकतो. ढोल छातीत वाजत नाही, पण तो ढोल आहे हे कळते.

एक विनंती. खर्ज भिंतीला जुमानत नाही. शेजारच्या घरी गाणे पोचत नाही, नुसता धक्का पोचतो. रात्री दहा वाजले की वूफरचे बटण तेवढे बंद करा.